उमेदवाराचा अर्ज आणि सरकारचे दप्तर

सरकारी जागेची जाहिरात वर्तमानपत्रात आली, म्हणजे पेडणे आणि डिचोली तालुक्यांतील कित्येक घरांत कागदांची शोधाशोध सुरू होते. मुलाचा जन्मदाखला, शाळा-महाविद्यालयाच्या गुणपत्रिका, रोजगार विनिमय केंद्राचे कार्ड, असल्यास जातीचा दाखला, आणि मामलेदार कचेरीतून मिळालेला पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला, असे सारे एका पिशवीत गोळा होते. गोव्याच्या बहुतेक भरतीच्या जाहिरातींत कोकणीचे ज्ञान आवश्यक व मराठीचे ज्ञान इष्ट, असे एक वाक्य असते. त्यावर बोट ठेवून वडील मंडळी समाधान पावतात आणि अर्ज रवाना होतो. तो पुढे कोण कोण वाचतो, कोणत्या कपाटात अथवा संगणकात किती वर्षे पडून राहतो, आणि अखेर त्याचे काय होते, हा प्रश्न मात्र क्वचितच कोणी विचारतो. प्रस्तुत लेखात त्याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

व्यापाऱ्यांच्या स्मरणिकेत हा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. त्याला पहिले उत्तर असे की, आपल्याही घरची मुले-मुली आता केवळ पेढीवर बसत नाहीत. त्यांचेही अर्ज याच दप्तरात जातात. दुसरे उत्तर अधिक महत्त्वाचे आहे. माहिती कोणती उघडी ठेवावी व कोणती झाकावी, हे शास्त्र व्यापाऱ्याला परंपरेने अवगत असते. पेढीवर मालाचा भाव फळ्यावर लिहिलेला असतो. तो येणाऱ्या-जाणाऱ्या कोणासही वाचता यावा, हीच अपेक्षा. उलट कोणाकडे किती उधारी थकली, कोणी कोणत्या अडचणीत दागिना ठेवला, हे वहीत असते, आणि ती वही गादीखाली असते. फळ्यावरचे वहीत दडविणारा व्यापारी लबाड ठरतो. वहीतले फळ्यावर मांडणाऱ्याकडे दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक फिरकत नाही. उमेदवारांच्या माहितीच्या बाबतीत आपल्या सरकारी खात्यांचा दोष माझ्या मते नेमका हाच आहे. त्यांनी फळा आणि वही यांची अदलाबदल केली आहे. उमेदवाराचा पत्ता, जन्मतारीख, दूरध्वनी क्रमांक हे सूचना फलकावर झळकते. आणि निवड कोणत्या गुणांवर झाली, हे विचारू गेल्यास ‘ती वैयक्तिक माहिती आहे’ असे उत्तर मिळते.

गोव्यात सरकारी नेमणूक जाहीर करण्याची प्रथा नवी नाही. पोर्तुगीज अमदानीत १८३७ सालापासून सरकारी ‘बोलेतीं’ निघू लागले आणि नेमणुका, बदल्या, हुकूम त्यात छापले जाऊ लागले. आजचे गोव्याचे शासकीय राजपत्र त्याच परंपरेतील होय. नागरी नोंदणीचेही तसेच. जन्म, विवाह व मृत्यू यांची सक्तीची नोंद येथे १९१४ पासून सुरू झाली; म्हणून डिचोलीच्या वा पेडण्याच्या माणसाला आजोबांच्या जन्माची नोंद सापडते, जी शेजारच्या सावंतवाडीच्या माणसाला बहुधा सापडत नाही. या सोयीबरोबर एक गैरसोयही वारशाने आली. पोर्तुगीज लेखनात प्रभूचा पोरोबो आणि कामतचा कामोतिम झाला; शाळेच्या दाखल्यावर एक नाव, जन्मनोंदीत दुसरे. नोकरीचा अर्ज करताना हा घोळ निस्तरावा लागतो, आणि त्यासाठी १९९० च्या नाव व आडनाव बदलण्याच्या कायद्याप्रमाणे वर्तमानपत्रात नोटीस द्यावी लागते. मुलाचे नाव, बापाचे नाव, गाव, घर, जुने नाव, नवे नाव, सारे छापून येते. हरकत असणाऱ्याने ती नोंदवावी म्हणून हे करणे भाग आहे, याबद्दल वाद नाही. परंतु नोकरीच्या उंबरठ्यावर पाऊल ठेवण्यापूर्वीच उमेदवाराची कौटुंबिक हकिकत गावभर झालेली असते, हेही खरे.

१९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला. केंद्रशासित काळ गेला. ३० मे १९८७ रोजी घटकराज्य झाले आणि वरिष्ठ पदांसाठी गोवा लोकसेवा आयोग आला. खालच्या वर्गाच्या जागांची भरती मात्र पुढेही बराच काळ प्रत्येक खाते आपापल्या परीने करीत असे. त्यामुळे एकाच मुलाचे कागद पाच-सहा खात्यांच्या कपाटांत विखुरले जात. २०१९ साली कर्मचारी निवड आयोगाचा कायदा झाला, आणि गेल्या काही वर्षांत ती भरती या आयोगाच्या संगणकीय परीक्षांकडे वळली. माझ्या मते ही सुधारणा स्वागतार्ह होय. पाच कपाटांच्या जागी एक कपाट झाले, तर निदान कुलूप कोणाला लावावयाचे ते तरी निश्चित होते. मात्र एकाच कपाटात सर्व तालुक्यांचे कागद आले, म्हणजे ते फुटल्यास होणारी हानीही तितकीच मोठी.

या कागदांना आपल्या दोन तालुक्यांत एवढे मोल का आले, तेही ध्यानात घेतले पाहिजे. डिचोली हा खाणींचा तालुका. २०१२ साली खाणी बंद झाल्या, पुन्हा काही काळ चालल्या, आणि २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने परत थांबल्या. ट्रकमालक, गॅरेजवाले, भुसारी, चहावाले, सर्वांचे हिशेब त्या धक्क्याने कोलमडले. आपल्या कित्येक सभासदांना हे निराळे सांगावयास नको. पेडण्यात मोपा येथील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ जानेवारी २०२३ पासून वाहतुकीस खुला झाला व काही रोजगार आला. तथापि, तो कोणाला मिळाला, हा प्रश्न तालुक्यात वारंवार निघतो. अशा वेळी पगार महिन्याच्या महिन्याला हाती पडेल, निवृत्तीपर्यंत नोकरी टिकेल, अशी एकच वस्तू दिसते. ती म्हणजे सरकारी जागा. एका जागेमागे अर्जांचा ढीग असतो, आणि त्या ढिगातील एखादाच निवडला जातो. बाकीच्यांचे कागद मागे राहतात. खरा प्रश्न त्या मागे राहिलेल्यांचा आहे. निवडलेला माणूस सरकारचा नोकर होतो, त्याचे कागद सरकारपाशी राहणार हे उघडच. परंतु ज्याला सरकारने घेतलेच नाही, त्याचे कागद सरकारने का आणि किती दिवस ठेवावेत?

येथे एक अनुभव सांगण्यासारखा आहे. काही वर्षांपूर्वी एका बाजारात मी भाजलेले शेंगदाणे घेतले. पुडी सोडली, तर आतल्या बाजूस एका तरुणीचे छायाचित्र माझ्याकडे पाहत होते. तो एका नोकरीच्या अर्जाच्या पहिल्या पानाचा भाग होता. नाव, वडिलांचे नाव, वाडा, जन्मतारीख, प्रवर्ग, सही, सारे स्वच्छ वाचता येत होते. तेलाचा डाग काय तो तिच्या शाळेच्या नावावर पडला होता. कोठल्या कचेरीचा तो कागद, हे येथे सांगण्याचे प्रयोजन नाही. मी पुडीवाल्यास विचारले, तेव्हा तो शांतपणे म्हणाला, ‘रद्दी किलोने येते शेटजी, वाचून कोण घेतो?’ त्याचे म्हणणे अगदी बरोबर होते. चूक त्याच्या तराजूपर्यंत तो कागद न फाडता येऊ देणाऱ्याची होती.

संगणक आल्याने हा प्रकार थांबला असेल, अशी कोणाची समजूत असल्यास ती दुरुस्त करून घ्यावी. शेंगदाण्याची पुडी एका माणसाच्या हाती पडते. संकेतस्थळावर चढलेली यादी जगभर दिसते. केंद्र व राज्य सरकारांच्या सुमारे २१० संकेतस्थळांवर लाभार्थींची नावे, पत्ते व आधार क्रमांक उघडपणे दिसत होते, ही गोष्ट २०१७ साली आधार प्राधिकरणानेच मान्य केली. झारखंडात त्याच वर्षी दहा लाखांहून अधिक निवृत्तिवेतनधारकांचे क्रमांक असेच उघडे पडले. यात कोणा चोराने घर फोडले नव्हते. पारदर्शकतेच्या नावाखाली एखाद्या कारकुनाने सबंध तक्ता जसाच्या तसा वर चढविला, इतकेच. फळ्यावर काय लिहावे, याचा विचारच कोणी केला नव्हता.

त्याच २०१७ सालच्या ऑगस्टच्या २४ तारखेस सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने असे ठरविले की, खासगीपणा हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. त्यानंतर सहा वर्षांनी, ऑगस्ट २०२३ मध्ये, डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि कायद्याचा मोठा भाग त्यापासून अठरा महिन्यांनी, म्हणजे २०२७ च्या मे महिन्यात लागू व्हावा अशी योजना आहे. या कायद्याचे सार व्यापाऱ्याच्या भाषेत थोडक्यात सांगता येते. ज्या कामासाठी माहिती घेतली त्याच कामासाठी ती वापरावी. ती सुरक्षित ठेवावी. फुटल्यास ज्याची माहिती त्याला कळवावे. चुकीची असल्यास दुरुस्त करावी. काम संपले की नष्ट करावी. सुरक्षिततेत हयगय झाल्यास अडीचशे कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. संमती मागताना द्यावयाची सूचना इंग्रजीत अथवा घटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याची सोय असली पाहिजे, असेही त्यात आहे. म्हणजे मराठीतही आणि कोकणीतही.

वाचताना समाधान वाटते. परंतु कायद्याचे सतरावे कलम उघडावे. त्याच्या चौथ्या पोटकलमात असे म्हटले आहे की, काम संपल्यावर माहिती नष्ट करण्याचे बंधन शासनाला व शासनाच्या संस्थांना लागू नाही. आणि ‘माझी माहिती पुसून टाका’ ही नागरिकाची मागणीही शासनाविरुद्ध चालणार नाही. तेव्हा डिचोलीच्या कापड दुकानदाराने नोकरीसाठी आलेल्या मुलाच्या आधार कार्डाची संगणकातील प्रत काम नसता जपून ठेवली, तर तो कायद्याच्या कचाट्यात सापडेल. परंतु त्याच मुलाचा नाकारलेला अर्ज पणजीतील एखाद्या खात्याने वीस वर्षे जपला, तर त्याला हा कायदा काही म्हणणार नाही. हा भेद मला न्याय्य वाटत नाही. सरकारला जुने दप्तर राखावे लागते, निवडीविरुद्ध दावा झाल्यास अर्ज न्यायालयापुढे ठेवावे लागतात, हे सर्व मान्य. परंतु त्यासाठी एक मुदत ठरविता येते, आणि मुदत संपल्यावर कागद फाडता येतो.

दुसरी उणीव याहून विचित्र आहे. हा कायदा केवळ संगणकातील माहितीला, अथवा कागदावरून संगणकात घेतलेल्या माहितीला लागू आहे. जो अर्ज कागदावर आला आणि कागदावरच राहिला, तो या कायद्याच्या कक्षेबाहेर. म्हणजे माझ्या हातातील ती शेंगदाण्याची पुडी आजही या कायद्याला दिसणार नाही. ज्या गावांत अजूनही अर्ज खिडकीवर देऊन पोच घेण्याची रीत आहे, तेथे या उणिवेचे महत्त्व कोणीही ओळखील.

आता नाण्याची दुसरी बाजू, म्हणजे फळ्याची. सरकारी नेमणूक ही खासगी पेढीवरील नेमणूक नव्हे. पगार जनतेच्या पैशातून जातो. म्हणून निवड कशी झाली, हे पाहण्याचा जनतेला अधिकार आहे. गोव्याने या बाबतीत एके काळी पुढाकार घेतला होता. माहितीच्या अधिकाराचा केंद्रीय कायदा २००५ चा. गोव्याचा स्वतःचा तसा कायदा १९९७ चा, म्हणजे आठ वर्षे आधीचा. केंद्रीय कायद्याच्या आठव्या कलमातील ‘ञ’ या खंडात वैयक्तिक माहिती नाकारण्याची मुभा होती. परंतु तिला दोन अटी होत्या. त्या माहितीचा सार्वजनिक कामकाजाशी संबंध नसला पाहिजे, अथवा ती दिल्याने खासगीपणावर अकारण आक्रमण होत असले पाहिजे. शिवाय व्यापक लोकहित असेल, तर ती द्यावीच लागे.

या तरतुदीचा अर्थ मुंबई उच्च न्यायालयाने ११ नोव्हेंबर २०२४ रोजी एका प्रकरणात स्पष्ट केला. पुणे जिल्हा न्यायालयातील कनिष्ठ लिपिकांच्या भरतीत एक उमेदवार निवडला गेला नाही. त्याने स्वतःचे व इतर उमेदवारांचे गुण मागितले. ते वैयक्तिक म्हणून नाकारण्यात आले. न्यायमूर्ती महेश सोनक आणि न्यायमूर्ती जितेंद्र जैन यांनी ठरविले की, जाहीर भरतीतील उमेदवारांचे गुण हे दडविण्याजोगे नाहीत. भरती उघड असावी, यातच सर्वांचे हित आहे. निकाल देणाऱ्यांपैकी सोनक हे पणजीत वकिली केलेले, हे आपल्या वाचकांना सांगितल्यास अस्थानी होणार नाही. पुढे २०२५ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयानेही या निकालात ढवळाढवळ करण्याचे नाकारले. गुण मिळाले म्हणून त्या तरुणास नोकरी मिळाली असे नव्हे. पण आपण कोठे कमी पडलो, हे त्याला समजू शकले. न निवडलेल्या माणसाच्या मनातील किल्मिष पुष्कळ अंशी एवढ्यानेच निघून जाते.

दुर्दैवाने हा निकाल ज्या शब्दांवर उभा होता, तेच शब्द आता राहिले नाहीत. वर सांगितलेल्या २०२३ च्या कायद्याच्या चव्वेचाळिसाव्या कलमाने माहितीच्या अधिकारातील तो खंड बदलला, आणि हा बदल नोव्हेंबर २०२५ मध्येच अमलात आला. म्हणजे नागरिकाच्या माहितीला संरक्षण देणाऱ्या तरतुदींना २०२७ ची वाट पाहावयाची, आणि नागरिकाला माहिती नाकारण्याची सोय मात्र तत्काळ! नव्या खंडात दोन्ही अटी गेल्या. ‘वैयक्तिक माहितीशी संबंधित माहिती’ एवढेच शब्द उरले. गुणपत्रिका, अनुभवाचा दाखला, नेमणुकीचा हुकूम, यांपैकी कशावर माणसाचे नाव नसते? नाव आले की ती वैयक्तिक, असा सोपा अर्थ एखाद्या माहिती अधिकाऱ्याने लावला, तर त्याला अडविणे पूर्वीपेक्षा कठीण जाईल.

तथापि, दार पूर्ण बंद झालेले नाही. त्याच आठव्या कलमाचे दुसरे पोटकलम शाबूत आहे. लोकहित हे होणाऱ्या हानीपेक्षा मोठे असेल, तर अधिकाऱ्याला माहिती देता येते. दहावे कलमही शाबूत आहे, आणि माझ्या मते या सबंध वादात सर्वांत शहाणे कलम तेच होय. एका कागदात देण्याजोगी व न देण्याजोगी माहिती एकत्र असेल, तर न देण्याजोगा भाग झाकून उरलेला कागद द्यावा, असे ते सांगते. याचा उपयोग कसा होतो, हे पाहण्यास आपल्या सीमेवरील एक नित्याचे प्रकरण घ्यावे.

पेडणे आणि डिचोली हे दोन्ही तालुके सिंधुदुर्गाला लागून आहेत. पत्रादेवीपलीकडे सावंतवाडी, डिचोलीपलीकडे दोडामार्ग. तेरेखोलच्या दोन्ही काठांवर एकमेकांचे सोयरे. सुना तिकडून येतात, मुली तिकडे जातात, आठवड्याचा बाजार कोणी सीमा पाहून करीत नाही. परंतु सरकारी जागेच्या बाबतीत पंधरा वर्षांचे वास्तव्य विचारले जाते, आणि तेथे सोयरिकीचे रूपांतर संशयात होते. एखाद्याची निवड झाली की गावात कुजबुज सुरू होते: ‘तो पलीकडचा, दाखला मिळविला कसा?’ न निवडलेला उमेदवार मग मामलेदार कचेरीत अर्ज करतो की, त्या दाखल्याची व त्यामागच्या कागदांची नक्कल मला द्या.

काय द्यावे? सर्व द्यावे, असे म्हटल्यास त्या फाइलमध्ये शिधापत्रिका असते, घरातील प्रत्येकाचे नाव-वय असते, आधार क्रमांक असतो, कधी भाड्याचा करार, कधी एखाद्याच्या दुसऱ्या विवाहाची हकिकत असते. ती गावच्या चव्हाट्यावर येण्याचे कारण नाही. काहीच देऊ नये, असे म्हटल्यास खोटा दाखला करणाऱ्याला सरकारचेच अभय मिळाले. दहाव्या कलमाप्रमाणे वागणारा अधिकारी दाखल्याची तारीख देईल, तो कोणत्या प्रकारच्या पुराव्यावर दिला ते सांगेल, तलाठ्याने चौकशी केली किंवा नाही ते सांगेल, आणि क्रमांक, कुटुंबीयांची नावे व घरगुती मजकूर झाकून टाकील. त्यावरून संशय खरा वाटला, तर वरिष्ठांकडे तक्रार करण्यास तेवढा आधार पुरतो. खरा दाखला असणाऱ्या माणसाचाही यात लाभ आहे. तारीख व पुरावा समोर आला की कुजबुज आपोआप थांबते. हे काम अवघड नाही. काळ्या शाईची एक लेखणी आणि अर्धा तास, एवढेच त्याला लागते.

परदेशात ही व्यवस्था कशी चालते, याचे एक उदाहरण देतो. ब्रिटनमध्ये सरकारी मंडळांवर माणसे नेमताना १९९५ च्या नोलन समितीच्या शिफारशींपासून बरीच शिस्त आली, आणि नेमणुकांवर देखरेख करणारा स्वतंत्र आयुक्त आला. तेथील खाती अर्ज मागवितानाच उमेदवाराला एक निवेदन देतात. तुमची कोणती माहिती आम्ही घेतो, कशासाठी, ती निवड समितीशिवाय आणखी कोणाला दाखविली जाईल, किती काळ ठेवली जाईल आणि तक्रार कोठे करावी, हे त्यात लिहिलेले असते. वंश, धर्म, अपंगत्व यांसंबंधीची माहिती आकडेवारीसाठी घेतात. परंतु ती निवड समितीपुढे ठेवीत नाहीत. याच्या उलट, निवडलेल्या माणसाचे नाव, मुदत, मानधन आणि गेल्या पाच वर्षांत त्याने एखाद्या राजकीय पक्षाचे महत्त्वाचे काम केले असल्यास तेही जाहीर करतात. तेथे शिफारशी चालत नाहीत असे माझे म्हणणे नाही. त्या देशातील वर्तमानपत्रे वाचणारास तसा भ्रम होणार नाही. परंतु फळा कोणता व वही कोणती, हे तेथे अर्ज भरण्यापूर्वीच ठरलेले असते. आपल्या जाहिरातीत पदाचे नाव, वेतनश्रेणी, वयोमर्यादा असते. त्याखाली असे चार ओळींचे निवेदन मराठीत व कोकणीत छापण्यास कोणत्याही नव्या कायद्याची गरज नाही.

हा सर्व सूक्ष्म विचार झाला, असे वाटणाऱ्यांनी २०२४ चा ऑक्टोबर-नोव्हेंबर आठवावा. सरकारी नोकरी लावून देतो, असे सांगून गोव्यातील कित्येक कुटुंबांकडून लाखो रुपये उकळल्याच्या तक्रारी त्या काळात एकामागून एक नोंदल्या गेल्या आणि अटकाही झाल्या. कोणी सोने विकले, कोणी कर्ज काढले. अशा भामट्याला उपयोगी पडणारी सर्वांत मोठी वस्तू कोणती? कोणी कोणत्या जागेसाठी अर्ज केला, त्याचा दूरध्वनी कोणता, त्याचे वडील काय करतात, एवढे ज्याला ठाऊक आहे, तो दाराशी येऊन ‘तुमच्या मुलाची फाइल माझ्या हातात आहे’ असे म्हणू शकतो, आणि ऐकणाऱ्याला ते खरे वाटते. दुसरीकडे, गुण उघडपणे जाहीर होत असते तर त्याच्या बोलण्यावर विश्वास बसणे कठीण झाले असते. वही उघडी आणि फळा कोरा, अशी दोन्ही बाजूंनी भामट्याची सोय होते ती अशी.

तेव्हा अर्जदारांच्या घरांनी काय करावे, हे थोडक्यात सांगतो. आधार कार्डाची प्रत देणे भाग असेल, तर शेवटचे चारच अंक दिसतील अशी झाकलेली प्रत प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून मिळते. जेथे चालेल तेथे तीच द्यावी. प्रत कोणालाही बेफिकीरपणे देऊ नये, असे पत्रक प्राधिकरणाच्या एका कार्यालयाने २०२२ च्या मे महिन्यात काढले आणि दोन दिवसांत मागे घेतले. ते मागे घेतले तरी त्यातील सल्ला वाईट नव्हता. प्रत्येक छायाप्रतीवर कोणत्या पदासाठी व कोणत्या तारखेस दिली, हे आडवे लिहावे. मूळ दाखले पडताळणीखेरीज हातचे सोडू नयेत. निवड न झाल्यास स्वतःचे गुण मागण्यास संकोच करू नये. दहा रुपयांचे शुल्क, तीस दिवसांची मुदत, नकार आल्यास तीस दिवसांत पहिले अपील, आणि तेथेही नकार आल्यास नव्वद दिवसांत पणजीच्या राज्य माहिती आयोगाकडे दुसरे. इतरांचे गुण मागताना पत्ते, दूरध्वनी क्रमांक, आधार क्रमांक नको आहेत, केवळ गुण व क्रम हवा आहे, असे अर्जातच नमूद करावे. त्याने अधिकाऱ्याच्या हातातील एक सबब कमी होते.

आणि आता आपल्या व्यवसायबंधूंकडे वळतो, कारण या व्यवहारात एक दुवा आपला आहे. पेडणे, डिचोली, साखळी येथील बाजारपेठांत छायाप्रती काढणारी व संगणकावर अर्ज भरून देणारी दुकाने आहेत. खेड्यातून आलेला मुलगा वास्तव्याच्या दाखल्याचा अर्ज ‘गोवा ऑनलाइन’वर स्वतः भरीत नाही, तो या दुकानात येतो. त्याचे छायाचित्र, सही, आधार, गुणपत्रिका दुकानाच्या संगणकात उतरतात. परवलीचा शब्द दुकानदारच ठरवितो आणि कित्येकदा वहीत टिपून ठेवतो. पुन्हा लागेल, मुलगा परत येईल, म्हणून तो हे सारे सद्भावनेने जपतो. सरकारला ज्या बंधनातून सूट आहे, ती सूट या दुकानदाराला नाही. २०२७ पासून काम संपलेली माहिती पुसणे हे त्याचे कायदेशीर कर्तव्य होणार आहे. पण त्याची वाट तरी कशाला पाहावी? मुलगा अर्ज भरून, पावती घेऊन बाहेर पडला की त्याचे काम संपले. त्याचे कागद त्याच्याच भ्रमणध्वनीवर पाठवून द्यावेत, परवलीचा शब्द त्याच्याच हाताने टाकवून घ्यावा, खराब निघालेल्या छायाप्रती रद्दीत न टाकता तेथल्या तेथे फाडाव्यात. संध्याकाळी गल्ला मोजण्यापूर्वी दिवसभराचे फोल्डर रिकामे करण्यास पाच मिनिटे पुरतात.